फिरत्या घरांतील फ्रीज व त्याच्या बॅटरीचा हिशेब

निजावयास गादी, स्वयंपाकास शेगडी आणि पाण्यास टांकी अशी सोय असलेली जी मोटार, तिला आतां सर्वत्र 'कॅम्पर' असें म्हणतात. आपल्या इकडे अशा गाड्या अजून थोड्याच दिसतात. तथापि महाराष्ट्र शासनानें इ. स. २०२१ मध्यें कॅराव्हॅन-पर्यटनाचें धोरण जाहीर केलें, आणि आमच्या विद्यार्थ्यांपैकीं कांहींचे पालकही सुटींत अशी गाडी भाड्यानें घेऊन बाहेर पडूं लागले आहेत. या गाडींत बहुधा एक लहानसा फ्रीज असतो. तो ज्या बॅटरीवर चालतो ती केवढी असावी, हा प्रस्तुत लेखाचा विषय होय. विषय क्षुल्लक आहे असें कोणासही वाटेल. आम्हांसही तसेंच वाटत होतें; परंतु इ. स. २०२४ च्या मे महिन्यांत ताडोबाच्या वेशीवर त्यानें आमची जी त्रेधा उडविली, तिच्यानंतर आम्हीं कागद-पेन्सिल घेऊन त्याचा रीतसर अभ्यास केला. यांतील गणित आठव्या इयत्तेच्या विद्यार्थ्यासही झेपेल इतकें सोपें आहे.

प्रवासांत आमच्याबरोबर आमच्या वृद्ध मावशी व त्यांचे दोन नातू होते. मावशींस मधुमेह असून दिवसांतून दोनदां इन्सुलिन टोंचून घ्यावें लागतें. हें औषध, तें फोडलेलें नसल्यास, २ ते ८ अंश सेल्सिअस उष्णमानांत ठेवावें लागतें. वापरावयास घेतलेलें बहुतेक प्रकारचें इन्सुलिन ३० अंशांच्या आंत सुमारें चार आठवडे टिकतें. परंतु मे महिन्यांत चंद्रपूर जिल्ह्यांत ३० अंश आणावयाचे कोठून? तेथें दुपारीं पारा ४५ च्याही पुढें जातो, आणि बंद गाडीच्या आंत तर त्याहून वर. "गाडींत फ्रीज आहे ना रे?" असें मावशींनीं निघण्यापूर्वीं तीनदां विचारलें, आणि "आहे मावशी, तूं काळजी करूं नकोस," असें आम्हीं तीनदां सांगितलें. गाडीच्या मालकानेंही ग्वाही दिली होती कीं, बॅटरी शंभराची आहे, दोन दिवस तिला कांहीं होत नाहीं.

पहिल्या दिवशीं सायंकाळीं सहा वाजतां आम्हीं इंजिन बंद केलें. दुसऱ्या दिवशीं दिवेलागणीच्या सुमारास, म्हणजे अवघ्या पंचवीस तासांत, फ्रीजवरील तांबडा दिवा लुकलुकूं लागला व यंत्र थांबलें. अरण्यालगत रात्रभर इंजिन घरघरत ठेवणें आम्हांस प्रशस्त वाटलें नाहीं. बर्फ मिळण्याजोगा होता. परंतु इन्सुलिन बर्फास थेट टेकून गोठलें तर तें कायमचें निकामी होतें, ही भीति. शेवटीं मावशींनींच तोड काढली. माठांतील बरेंच पाणी काढून त्यांत औषधाचा घट्ट झांकणाचा डबा ठेवला, माठास ओलें फडकें गुंडाळलें व तो वाऱ्याच्या तोंडीं ठेवला. विदर्भाच्या कोरड्या हवेंत माठ चांगलाच निवतो. पहाटे डब्यांतील उष्णमान २५ अंश भरलें. औषध वाचलें, मात्र न फोडलेल्या कुप्यांचीही चार आठवड्यांची मुदत त्या रात्रीपासून मोजावी लागली.

आतां हिशेबाकडे वळूं. बॅटरीवर '१०० अँपिअर-तास' असा जो आंकडा छापलेला असतो, त्याचा अर्थ असा कीं, तिच्यांतून पांच अँपिअरचा प्रवाह घेतल्यास तो वीस तास मिळावा. शिशाच्या बॅटरीचा आंकडा बहुधा या वीस तासांच्या मापानेंच ठरवितात. प्रवाह याहून फार मोठा घेतला तर शंभराचे शंभर हातीं येत नाहींत. पॉयकर्ट या जर्मन शास्त्रज्ञानें १८९७ सालीं ही घट सूत्रांत बसविली. फ्रीजचा प्रवाह लहान असल्यामुळें त्या सूत्राचें येथें फारसें काम पडत नाहीं. अँपिअर-तासांस विद्युद्दाबानें, म्हणजे येथें १२ व्होल्टांनीं, गुणिलें असतां वॅट-तास येतात. आणि हजार वॅट-तास म्हणजे घरच्या विजेच्या बिलांतील एक युनिट. तेव्हां शंभराची ती अवजड बॅटरी म्हणजे अवघें १.२ युनिट वीज! हें गणित फळ्यावर मांडलें कीं वर्गांतील मुलांस प्रथम तें चुकलें आहे असेंच वाटतें.

आमच्या गाडींतील फ्रीज चाळीस लिटरचा, वर झांकण उघडणारा व थेट १२ व्होल्टांवर चालणारा होता. त्याचा काँप्रेसर चालू असतांना ४ अँपिअर प्रवाह घेई. तो अहोरात्र चालता तर चोवीस तासांस ९६ अँपिअर-तास लागले असते. परंतु काँप्रेसर आंतील उष्णमान उतरलें कीं थांबतो व चढलें कीं पुनः सुरू होतो. तेव्हां खरा प्रश्न एवढाच कीं, तो तासांतून किती मिनिटें चालतो? या एका प्रश्नावर बॅटरीचें सारें गणित अवलंबून आहे, आणि याचें उत्तर कोणत्याही छापील पत्रकांत मिळावयाचें नाहीं. कारण तें फ्रीजवर जितकें अवलंबून आहे, तितकेंच तो कोठें ठेवला आहे यावर आहे.

असें पाहा. फ्रीजच्या भिंतींतून आंत झिरपणारी उष्णता ही आंतील व बाहेरील उष्णमानांच्या अंतराच्या प्रमाणांत असते. आंत ४ अंश व बाहेर २४ अंश असल्यास अंतर २० अंशांचें. बाहेर ४४ अंश झाल्यास अंतर ४० अंशांचें, म्हणजे बरोबर दुप्पट. शिवाय काँप्रेसरास ही उष्णता तापलेल्या हवेंत टाकावयाची असल्यामुळें तितक्याच कामास त्याला अधिक वीज लागते. म्हणून खर्च दुपटीहूनही वाढतो. महाबळेश्वरीं डिसेंबरांत जो फ्रीज तासांतून पंधरा मिनिटें चालेल, तोच चंद्रपुरास मे महिन्यांत दिवसरात्र मिळून सरासरी तीस मिनिटें, आणि भर दुपारीं चाळीस-पंचेचाळीस मिनिटेंही चालेल. आमच्या ताडोबाच्या मुक्कामासाठीं आम्ही निम्मा वेळ, म्हणजे दिवसास ४८ अँपिअर-तास, असें धरतों. पंचवीस तासांचे ५० झाले.

मग शंभर कोठें गेले? पंखा, दिवे व मोबाइल फोन यांचे ११. राहिला एक खर्च, जो आम्हांस घरीं परत येईपर्यंत सुचलाच नव्हता. पहिल्या सायंकाळीं मावशींच्या नातवांनीं नळाच्या कोमट पाण्याच्या दहा बाटल्या मोठ्या हौसेनें फ्रीजमध्यें भरल्या होत्या! दहा लिटर पाणी ३४ अंशांवरून ४ अंशांवर आणावयाचें म्हणजे ३०० किलोकॅलरी, अर्थात् सुमारें ३५० वॅट-तास इतकी उष्णता बाहेर काढावयाची. एक वॅट-तास विजेनें दीड वॅट-तास उष्णता उपसली जाते असें धरिलें, तरी २३३ वॅट-तास वीज लागली. म्हणजे १९ अँपिअर-तास. दहा बाटल्यांनीं बॅटरीचा जवळजवळ पंचमांश पिऊन टाकला. ५०, ११ व १९ मिळून ८० होतात. मुलांस आम्ही दोष देत नाहीं. चाळिशी उलटलेल्या आम्हांस जें सुचलें नाहीं, तें त्यांस कसें सुचावें?

ऐशींवर फ्रीज कां थांबला, उरलेले वीस कोठें अडले, हें समजण्यास बॅटरीचा स्वभाव पाहिला पाहिजे. शिशाची बॅटरी फ्रान्समधील गास्ताँ प्लांते यानें १८५९ सालीं तयार केली व आजही मोटारींत तीच बहुशः असते. तिचा दुर्गुण असा कीं, ती पुरती रिकामी करणें तिला सोसत नाहीं. वारंवार निम्म्याहून अधिक वापरल्यास तिचें आयुष्य भराभर घटतें. म्हणून छापील शंभरांपैकीं पन्नासच आपले समजावे. आम्ही ऐशी काढून बसलों होतों, हा त्या बॅटरीवर अन्यायच होता. तिच्या टोंकांशीं त्या वेळीं ११.६ व्होल्ट दाब होता. परंतु फ्रीजपाशीं तितका पोंचत नव्हता, आणि याचें कारण तार.

तार बारीक, दीड चौरस मिलिमीटरची होती, आणि बॅटरी गाडीच्या दुसऱ्या टोंकास. जाण्यायेण्याची मिळून लांबी दहा मीटर. अशा तांब्याच्या तारेचा रोध सुमारें ०.११५ ओहम येतो; ४ अँपिअर प्रवाहास त्यांत जवळजवळ अर्धा व्होल्ट वाटेंतच खर्ची पडतो. म्हणजे फ्रीजपाशीं उरले ११.१ व्होल्ट. आतां या फ्रीजमध्यें, मोटार सुरू करण्याची बॅटरी चुकून पुरती रिकामी होऊं नये म्हणून, दाब ठरावीक मर्यादेखालीं गेला कीं आपोआप बंद होण्याची योजना असते, व ती मर्यादा कमी-अधिक करण्यास खटकाही असतो. आमच्या फ्रीजचा खटका सर्वांत वरच्या मर्यादेवर होता. सहा चौरस मिलिमीटरची तार असती तर घट ०.१२ व्होल्टांहून अधिक झाली नसती. तारेचा खर्च तो किती! पण गाडी सजविणाऱ्यांचें लक्ष पडद्यांकडे अधिक असतें असें आमचें मत झालें आहे.

शिशाच्या बॅटरीस आतां लिथियम-लोह-फॉस्फेटची बॅटरी हा चांगला पर्याय झाला आहे. १९९७ सालीं अमेरिकेंतील टेक्सास विद्यापीठांतून जॉन गुडइनफ, अक्षय पाढी व त्यांचे सहकारी यांनीं या द्रव्याचा उपयोग जगापुढें मांडला. गुडइनफ यांस पुढें २०१९ सालीं, लिथियम बॅटरीवरील एकंदर कार्याबद्दल, इतर दोघांसमवेत नोबेल पारितोषिक मिळालें. ही बॅटरी ऐशी टक्के रिकामी केली तरी कुरकुर करीत नाहीं, वजनानें शिशाच्या निम्म्याहून कमी असते व कित्येक पटींनीं अधिक वेळां भरतां येते. किंमत अर्थातच अधिक. दोन गोष्टी मात्र ध्यानांत असाव्या. शून्य अंशाखालीं तिला भरूं नये, म्हणून हिवाळ्यांत लडाखकडे जाणारांनीं जपावें. दुसरें असें कीं, तिचा विद्युद्दाब जवळजवळ अखेरपर्यंत सारखाच राहतो. त्यामुळें व्होल्टमापकावरून ती किती भरलेली आहे हें कळत नाहीं. येणारा-जाणारा प्रवाह मोजून शिल्लक सांगणारा मापक तिला जोडावाच लागतो.

येथें फ्रीजच्या इतर जातींविषयीं दोन शब्द लिहिले पाहिजेत, कारण चुकीचा फ्रीज घेतल्यावर बॅटरी कितीही मोठी केली तरी ती पुरत नाहीं. बाजारांत ज्या स्वस्त 'कूलर' पेट्या मिळतात, त्या पेल्टिएच्या तत्त्वावर चालतात. त्यांत काँप्रेसर नसतो. त्या साधारणपणें सतत ४ अँपिअर घेतात आणि बाहेरच्या हवेहून फार तर वीसेक अंश थंड होतात. बाहेर ४४ असतां आंत २४! इन्सुलिनच्या सांठ्यास त्यांचा कांहीं उपयोग नाहीं. दुसरी जात ग्यासवरही चालणाऱ्या फ्रीजची. स्वीडनमधील फॉन प्लाटेन व मुंटर्स या दोन विद्यार्थ्यांनीं १९२२ सालीं तिची युक्ति शोधून काढली. तिच्यांत फिरणारा भागच नाहीं. सारें काम उष्णतेवर. ग्यासवर ती उत्तम, परंतु १२ व्होल्टांवर लाविल्यास अखंड सात-आठ अँपिअर ओढते, म्हणून गाडी धांवत असतांनाच तसें करावें.

घरचाच फ्रीज गाडींत चढवून तो इन्व्हर्टरवर चालवावा, अशी कल्पना पुष्कळांस सुचते. तिचाही हिशेब करूं. फ्रीजवरील ताऱ्यांच्या चिठ्ठीवर वर्षाचीं युनिटें छापलेलीं असतात. समजा, तीं २०० आहेत. ३६५ नीं भागल्यास दिवसास ५४८ वॅट-तास येतात. हें वाईट नाहीं. परंतु इन्व्हर्टर नुसता चालू राहावयास पंधरा वॅट घेत असेल, तर चोवीस तासांचे ३६० वॅट-तास तेथेंच गेले, व रूपांतरांतील तूट साठेक वॅट-तासांची. एकूण ९६८ वॅट-तास, म्हणजे ८१ अँपिअर-तास. फ्रीजनें खाल्लें त्याच्या तीन-चतुर्थांशाहून अधिक त्याच्या इन्व्हर्टरनें खाल्लें! शिवाय असा काँप्रेसर सुरू होतांना क्षणभर नेहमीच्या कित्येक पट प्रवाह मागतो, तो वेगळाच.

आतां आमच्या मुक्कामास बॅटरी केवढी हवी होती तें पाहूं. फ्रीजचे ४८ व इतर १२ मिळून रोजचे ६० अँपिअर-तास. दोन दिवस कोठूनही वीज न मिळतां राहावयाचें तर १२० हवे. शिशाच्या बॅटरीचा अर्धाच भाग आपला, म्हणून तिला २४० अँपिअर-तासांची लागेल. लिथियमचे ऐशी टक्के आपले, म्हणून १५० ची पुरेल. शंभराची शिशाची बॅटरी दोन दिवसांस पुरेल हें आश्वासन देणाऱ्याला फसवावयाचें नव्हतें. त्यानें फक्त छापील आंकडा वाचला होता, आणि आम्हीं तोही नव्हता वाचला.

परंतु केवळ बॅटरी मोठी करीत जाणें हा शहाणपणाचा मार्ग नव्हे. बॅटरी ही कणगी आहे, शेत नव्हे. तींत रोज कांहीं पडलें पाहिजे. छपरावर २०० वॅटचें सौर-पटल बसविल्यास, उन्हाळ्यांत दिवसास पांच तास पूर्ण ऊन धरून व तिसरा हिस्सा इकडे तिकडे वाया जातो असें मानून, सुमारें ६६७ वॅट-तास, म्हणजे जवळजवळ ५६ अँपिअर-तास मिळतात. हें रोजच्या साठांच्या अगदीं जवळ आहे. मग एका ढगाळ दिवसापुरता सांठा बाळगिला कीं झालें: लिथियमची ७५ ची, अर्थात् बाजारांत मिळणारी १०० ची, शिशाची असल्यास १२० ची, अर्थात् १५० ची. पावसाळ्यांत कोंकणांत मात्र पटलांवर विसंबूं नये. इंजिनावरूनही बॅटरी भरतां येते. परंतु लिथियमची बॅटरी सरळ जोडल्यास ती एकदम मोठा प्रवाह मागून इंजिनावरील जनित्र तापविते, यासाठीं मध्यें प्रवाह आंवरणारा चार्जर घालावा. शिशाच्या बॅटरीचा स्वभाव उलट आहे: तिचे शेवटचे वीस टक्के भरावयास कित्येक तास लागतात, त्यामुळें तासाभराच्या प्रवासानें ती पुरती भरत नाहीं. आणि तार कोणतीही असो, बॅटरीच्या अगदीं जवळ फ्यूज असलाच पाहिजे.

सौर-पटलांनीं एक पेंच मात्र निर्माण होतो, ज्याचें उत्तर आम्हांस अजून मनाजोगें मिळालेलें नाहीं. गाडी झाडाखालीं ठेवावी तर फ्रीज कमी चालतो, पण पटल उपाशी. उन्हांत ठेवावी तर पटल भरपूर देतें, पण गाडी भट्टी होऊन फ्रीज तें सारें खातो. आमचा कल सध्यां असा आहे कीं, पटल छपरास खिळवून न टाकतां लांब तारेनें जोडावें. गाडी सावलींत व पटल उन्हांत.

२०२५ च्या मे महिन्यांत आम्ही त्याच ठिकाणीं पुनः गेलों. या वेळीं गाडींत लिथियमची १०० ची बॅटरी, २०० वॅटचें सुटें पटल व सहा चौरस मिलिमीटरची तार होती. फ्रीज आदल्या रात्रीं घरच्या विजेवर लावून आंतील बाटल्यांसह थंडगार करून घेतला होता. त्या गार बाटल्या मग स्वतःच थंडीचा सांठा झाल्या. नवें पाणी प्यावयाचें तें माठांतूनच, असा मावशींचा हुकूम होता. मापकाचे आंकडे थोरल्या नातवानें वहींत उतरले. पहिल्या तीन सकाळीं ते ६४, ६१ व ६३ टक्के होते. तिसऱ्या दिवशीं वळिवाचें आभाळ आलें तें सायंकाळपर्यंत हटलें नाहीं, आणि चौथ्या सकाळीं मापकावर २४ आले. फ्रीजमध्यें तेव्हां ५ अंश होते. मावशींनीं आपली सकाळची सुई घेतली आणि आज ऊन पडणार कीं नाहीं तें विचारलें. पडलें.

वाचकांपैकीं ज्यांस हौस असेल त्यांनीं पुढील उदाहरण सोडवून पाहावें. एका कुटुंबास डिसेंबरांत महाबळेश्वरीं तीन दिवस दाट झाडींत मुक्काम करावयाचा आहे. इंजिन सुरू करावयाचें नाहीं व ऊन मिळावयाचें नाहीं. फ्रीज ४ अँपिअरचा असून तासांतून पंधरा मिनिटें चालतो. दिवे व इतर किरकोळ खर्च दिवसास १० अँपिअर-तास आहे. शिशाची बॅटरी किती अँपिअर-तासांची घ्यावी, व लिथियमची किती? उत्तर: २०४, व सुमारें १२८.